परसातली भाकरी : केडगावच्या बागेची आणि आपल्या वाफ्याची कथा

मराठी घराला पुढे अंगण असते आणि मागे परस असतो. अंगणात पाहुण्याचे स्वागत होते, तुळस किंवा क्रूस उभा राहतो, मुले खेळतात. परसात मात्र घराचा खरा संसार चालतो. तेथे भांडी घासली जातात, सांडपाणी मुरते, आणि त्याच ओलीवर अळू, केळ, कढीलिंब, मिरची यांचे एक लहानसे राज्य वाढत असते. इतिहासकारांनी अंगणाकडे लक्ष दिले, परसाकडे दिले नाही. शिरूरचे नाव घेतले की १८१७ च्या वर्षअखेरीस तेथून कोरेगावकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची फौज आठवते. दौंडचे नाव घेतले की आगगाडीचे जंक्शन आठवते. या दोन तालुक्यांतल्या माणसांनी हिवाळ्याच्या तोंडावर घरामागे काय पेरले, याची नोंद सहसा कोणी ठेवली नाही. ज्या मुलखात पावसाचा भरवसा कधीच नव्हता, तेथे त्या वाफ्याचा इतिहास म्हणजेच भाकरीचा आणि स्वाभिमानाचा इतिहास होय.

घोड नदीच्या काठी शिरूर, भीमेच्या काठी दौंड. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर मेघ रिकामे होतात आणि पूर्वेकडे येईतो त्यांची ओंजळ जवळजवळ कोरडी झालेली असते. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात. म्हणूनच येथला शेतकरी आषाढापेक्षा परतीच्या पावसाची अधिक वाट पाहतो. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. परसबागेचाही मुहूर्त तोच. पाऊस ओसरला, जमिनीत ओल आहे, ऊन अजून कोवळे झालेले नाही आणि रात्री मात्र गार होऊ लागल्या आहेत, अशा त्या पंधरा-वीस दिवसांत ज्याने वाफे बांधले त्याच्या घरी नाताळाला ताजी भाजी असते. ज्याने आळस केला त्याला बाजाराची वाट धरावी लागते.

या परसात जे उगवते त्याची वंशावळ पाहिली तर आश्चर्य वाटते. वांगे, वाल, मुळा, मेथी ही आपली जुनी मंडळी. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, पपई, सीताफळ आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मूळचा अमेरिका खंडातला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि त्यानंतर यांपैकी बहुतेक झाडे समुद्रमार्गे कोकणात उतरून घाट चढली. बटाटा, अननस, काजू, कोबी हे शब्दच पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत. ज्या जहाजांतून मिशनरी आले त्याच जहाजांतून रोपे आणि बियाही आल्या. तलवारीने आणलेल्या गोष्टींचा हिशेब इतिहास आजही मांडत आहे. परंतु मिरचीचे बी मात्र कोणावर जुलूम न करता प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचले. आज मिरचीवाचून मराठी जेवणाची कल्पनाही करवत नाही. परके बी आपल्या मातीत रुजले की ते आपलेच होते, हा धडा मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र बियांनी सुटणारा नव्हता. मोटेची विहीर ज्याच्याकडे होती त्याचीच बागाईत. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने पुणे-नगरचा पूर्व भाग होरपळून निघाला. त्याच सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे होत होते आणि त्याचा मुठा उजवा कालवा दौंड भागातून पाटसच्या दिशेने नेला गेला. कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतात गेले ते सावरले. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाला ना शेत होते, ना विहीर. याच दुष्काळानंतर, १८७८ च्या सुमारास, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी मिशनकार्य आरंभिले. घोडेच्या पलीकडच्या त्या मुलखात ख्रिस्ताकडे वळलेली कुटुंबे बहुतेक भूमिहीन होती. मालकीची म्हणावी अशी त्यांची जमीन असली तर ती घराच्या मागची, चार हातांची.

अशा पार्श्वभूमीवर दौंड तालुक्यातील केडगाव येथे जे घडले ते विशेष मननीय आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण विदुषी, समाजसुधारक, बायबलच्या भाषांतरकार म्हणून वाचतो. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतल्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या सहवासात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्यांचे कार्य साऱ्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाचे धन आहे. त्यांच्या जीवनातली बाग मात्र फारशी कोणी पाहिलेली नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या अरण्यात, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी वसवलेल्या आश्रमात. अवघ्या सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोईवरून नेण्यात आले आणि कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. पुराण सांगावे, मिळेल ते खावे, पुढल्या तीर्थाला निघावे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, थोरली बहीणही गेली. ज्या मुलीला बालपणी स्वतःचा उंबरठा मिळाला नाही, तिला परस कोठून मिळणार?

तीच मुलगी पुढे, १८८९ मध्ये, मुंबईत शारदा सदन काढते आणि दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास हलवते. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी संस्थेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. त्यानंतर काय? कोणी मदतीची पुढली तारीख विचारली असती, कोणी नवे दाते शोधले असते. रमाबाईंनी जमीन शोधली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावजवळ सुमारे शंभर एकर माळरान त्यांनी घेतले, विहिरी खणवल्या आणि फळझाडे लावण्याचा बेत केला. बाग फळू लागली की तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, परक्यांपुढे हात पसरावा लागू नये, हा हिशेब त्यामागे होता. फळझाडाला वर्षे लागतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच मदत आटण्यापूर्वी लागवड करायची होती. हिवाळ्यापूर्वी वाफे बांधणारी गृहिणी जो विचार करते तोच हा विचार, फक्त विस्ताराने मोठा.

बाग फळण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली. आपले बालपण आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. म्हणून या मुलींना केडगावच्या माळावर आणण्यात आले. झाडांसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसे वाढू लागली. ‘मुक्ती’ हे नाव त्या वसाहतीला मिळाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना पाणी पुरले ते त्या आधी खणलेल्या विहिरींमुळे. मुली लिहायला-वाचायला शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, आणि शेतात व बागेतही राबल्या. उपासमारीतून आलेल्या मुलीने स्वतःच्या हाताने पेरलेले उगवताना पाहणे ही केवळ शेती नव्हे. उद्याचा दिवस येणार आहे, यावर तिचा विश्वास पुन्हा बसतो. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला.

पवित्र शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमधल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. परक्या देशात रडत बसू नका, घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, असा त्याचा आशय. केडगावची बाग ही त्या पत्राची मराठी मातीतली प्रतच म्हटली पाहिजे.

पुढील काळात भूमिहीनांच्या हक्काचा प्रश्न कायद्याच्या मार्गाने पुढे सरकला. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. तरीही कागदावरची जमीन आणि पिकणारी जमीन यांच्यामध्ये पाणी उभे असते, हे १९७२ च्या दुष्काळाने पुन्हा दाखवून दिले. त्याच दुष्काळी पट्ट्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपले आयुष्य वेचले. १९४८ मध्ये ते स्वित्झर्लंडहून आले. पाणी धावते आहे त्याला चालायला लावा, चालते आहे त्याला थांबवा, थांबले आहे त्याला मुरवा, हे पाणलोट विकासाचे सूत्र त्यांनी गावोगावच्या लोकांबरोबर जमिनीवर उतरवले. १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभारली. २०२१ मध्ये ‘बाखर बाबा’ निवर्तले. विहिरीला पाणी राहिले तर परसाला पाणी राहते, एवढा साधा या कार्याचा अर्थ घरातल्या बाईला कळत होता.

या इतिहासातून आपल्या परसासाठी काय घ्यावे? पहिली गोष्ट, पाणी आधी आणि बी नंतर. मोरीच्या सांडपाण्याला पाट काढावा, त्याच्या तोंडाशी केळ किंवा अळू लावावे. दुसरी गोष्ट, जागा पाहून बेत आखावा. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब-रुंद जागा. तिचा चौथा हिस्सा नीट राखला तरी लहान कुटुंबाच्या पालेभाजीची बरीचशी गरज भागते. दिवसाचे निदान सहा तास ऊन पडेल अशा जागी वाफे असावेत. वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपे गणपतीच्या सुमारास गादीवाफ्यावर टाकावीत आणि महिन्याभराने हलवावीत. गाजर व मुळा मात्र जागच्या जागी पेरावा. त्यांना स्थलांतर मानवत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकावी, म्हणजे ताटातली हिरवाई खंडत नाही. वाल-घेवड्याला कुंपणाशी मांडव द्यावा. शेंगवर्गीय पीक जमिनीचा कस राखते, म्हणून पुढल्या वर्षी त्याची जागा पालेभाजीला द्यावी. आणि प्रत्येक वाफ्यातले एक उत्तम झाड बियाण्यासाठी राखून ठेवावे.

आज रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. शेतांचे भूखंड झाले, भूखंडांवर इमारती झाल्या, आणि घराला मागची बाजूच उरली नाही. सांडपाणी गटारात जाते, भाजी पिशवीतून येते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून आपल्या सामायिक घराची काळजी घ्यायला सांगितले. त्या विश्वव्यापी घराचाही एक परस आहे आणि त्याची सुरुवात आपल्या मोरीपाशी होते. ज्यांना परस नाही त्यांना गच्ची आहे. ज्यांना गच्ची नाही त्यांच्या धर्मग्रामाच्या मंदिराभोवती मोकळी जागा असू शकते. तेथे चार कुटुंबांनी मिळून चार वाफे बांधले तर नाताळच्या मिस्सेनंतर शेजारच्या विधवेच्या घरी मेथीची एक जुडी देता येईल.

परतीचा पाऊस ओसरला की ओल फार दिवस थांबत नाही. रमाबाईंनी विहिरी दुष्काळाआधी खणल्या होत्या. वाफेही थंडीआधीच बांधायचे असतात.