इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवरील इसबगोलाच्या चाचण्या

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (संक्षेपाने आयबीएस, आतड्याच्या क्षोभाचा लक्षणसमूह) या दीर्घकालीन विकारात इसबगोलाच्या भुशीने आराम पडतो काय, हे ठरविण्यासाठी १९७० च्या दशकापासून अनेक नियंत्रित चाचण्या झाल्या. त्यांपैकी काही भारतात झाल्या. इसबगोल हे मूळचे घरगुती औषध असले, तरी त्याची उपयुक्तता, योग्य मात्रा आणि मर्यादा या चाचण्यांमुळेच स्पष्ट झाल्या.

विकार आणि चाचणीची अडचण

या विकारात पोट वारंवार दुखते आणि ते दुखणे शौचाशी निगडित असते. कोणास बद्धकोष्ठ, कोणास जुलाब, तर कोणास दोन्ही आलटून पालटून होतात. पोट फुगणे आणि शौच पूर्ण न झाल्याची भावना याही नित्याच्या तक्रारी आहेत. मात्र रक्ततपासणीत किंवा दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात दोष आढळत नाही. भारतीय गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संस्थेच्या कृतिगटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येत या विकाराचे प्रमाण ४.२ टक्के आढळले.

दोष यंत्राला दिसत नसल्याने औषध लागू पडले की नाही हे रुग्णाच्या सांगण्यावरूनच ठरवावे लागते. शिवाय हा विकार आपोआप कमीजास्त होतो, आणि उपचार चालू आहेत या विश्वासानेही पुष्कळांना बरे वाटते. म्हणून अशा चाचणीत काही रुग्णांना खरे औषध व काहींना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसाच पण औषधी गुण नसलेला पदार्थ, देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही कळू देत नाहीत. इसबगोलाच्या बाबतीत हे कठीण जाते, कारण पाण्यात पडताच ते फुगून बुळबुळीत होते आणि ज्याने ते एकदा घेतले आहे तो ते सहज ओळखतो.

इसबगोल

प्लँटागो ओव्हाटा या लहान रोपाच्या बियांवरील पातळ साल म्हणजे इसबगोलाची भुशी, अर्थात सत इसबगोल. हे नाव फारसीतून आले असून बीच्या आकारावरून त्याचा अर्थ ‘घोड्याचा कान’ असा सांगतात. भारत हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक असून गुजरातेतील उंझा ही मोठी बाजारपेठ आहे. भुशीतील विद्राव्य तंतू पाणी शोषून जेलीसारखा गोळा बनवतात. त्यामुळे कोरडा मळ मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो. बद्धकोष्ठात ती कोमट पाण्यातून किंवा दुधातून आणि जुलाबात दह्यातून घेण्याची घरोघरची पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. आतड्यातील जीवाणू हे तंतू फार थोडे आंबवतात, त्यामुळे वायूही कमी धरतो.

प्रमुख चाचण्या

दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी १४ रुग्णांना दररोज १०, २० व ३० ग्रॅम अशा चढत्या मात्रा देऊन पाहिल्या. त्यांचा निबंध १९८७ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आला. २० ग्रॅम ही मात्रा त्यांना सर्वांत योग्य वाटली. ३० ग्रॅमने अधिक लाभ झाला नाही. मळाचे वजन जसे वाढले तशा तक्रारी कमी झाल्या, परंतु अन्न आतड्यातून पुढे सरकण्याच्या वेळेशी या आरामाचा संबंध दिसला नाही. रुग्णसंख्या लहान असली तरी केवळ ‘लागू पडते काय’ एवढे न विचारता ‘किती द्यावे’ हे विचारणारी ही चाचणी आजही वाचण्याजोगी आहे. वेल्लोर येथील १९९० च्या अभ्यासात रुग्णाला बरे वाटण्याचे मुख्य कारण शौचाबाबतचे असमाधान कमी होणे हे दिसून आले.

१९८७ मध्येच मँचेस्टर येथे ८० रुग्णांवर चाचणी झाली. तीत इसबगोल घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के रुग्णांनी एकंदर समाधान व्यक्त केले. बद्धकोष्ठ इसबगोलाने स्पष्टपणे सुधारले. पोटदुखी व फुगणे मात्र दोन्ही गटांत सारखेच कमी झाले. प्लासिबो गट नसता तर तो आरामही इसबगोलाच्याच खात्यावर जमा झाला असता.

कोंडा आणि इसबगोल

त्या काळी पाश्चात्त्य डॉक्टर गव्हाचा कोंडा सर्रास सुचवीत. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १०० रुग्णांच्या पाहणीत कोंड्याने ५५ टक्के रुग्णांचा त्रास वाढल्याचे आणि केवळ १० टक्क्यांना लाभ झाल्याचे दिसले. पुढे नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांना १२ आठवडे इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा तांदळाचे पीठ दररोज १० ग्रॅम दिले गेले. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात रोजच्या जेवणात असणारा तांदूळ येथे प्लासिबो झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या महिन्यात इसबगोलाच्या गटातील ५७ टक्के, तर तांदळाच्या पिठाच्या गटातील ३५ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला. कोंड्याच्या गटातून पुष्कळ जण त्रास वाढल्यामुळे लवकर बाहेर पडले. जीवनमानाच्या मोजमापात मात्र तिन्ही गटांत फरक दिसला नाही.

२०१४ मध्ये १४ चाचण्यांतील ९०६ रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासण्यात आली. तीनुसार साधारण सात जणांनी इसबगोल घेतले तर प्लासिबोपेक्षा एका अधिक रुग्णाला लाभ होतो; कोंड्याचा लाभ सिद्ध झाला नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी महाविद्यालयाच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतही विद्राव्य तंतूंचीच शिफारस आहे. तेव्हा ‘चोथा जास्त खा’ हा सरधोपट सल्ला या विकारात अपुरा ठरतो, आणि काहींना अपायकारकही.

सेवन व दक्षता

भुशी थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. ती भरपूर पाण्याबरोबर घेणे आवश्यक आहे. कोरडी किंवा अपुऱ्या पाण्यात घेतल्यास अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी किंवा आतड्यात अडथळा असणाऱ्यांनी ती घेऊ नये. इतर औषधे व भुशी यांत काही अंतर ठेवतात. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास ही आयबीएसची लक्षणे मानली जात नाहीत. अशा वेळी इसबगोल घेत न बसता आधी तपासणी करून घ्यावी लागते.