कपबशीची वंशावळ

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट उतरला की थोड्याच अंतरावर तिसगाव लागते. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेकरूंना परिचित असे हे बाजाराचे गाव. तेथे कोणाच्या घरी पाहुणा टेकला की कपबशी पुढे येते, आणि चहा बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्याला जातो. ह्या कपबशीला आपण चिनी मातीची म्हणतो. परंतु ती चीनमधून आलेली नसते, आणि तिची मातीही चीनची नसते. मग हे नाव तिला चिकटले कसे? त्याचा शोध घेऊ लागले म्हणजे एका साध्या पात्राच्या पाठीमागे राजांचा लोभ, कैद्याचे दुःख, व्यापाऱ्यांची धूर्तता आणि आपल्या घरातील सोवळेओवळे अशी मोठी वंशावळ उभी राहते.

चीनमधील जिंगदेझेन नगरीच्या कुंभारांना दोन द्रव्यांचे मर्म कळले होते. एक केओलिन नावाची पांढरी माती. गाओलिंग नावाच्या तेथील टेकडीवरूनच हे नाव पडले. दुसरे म्हणजे दळून पीठ केलेला एक विशिष्ट दगड. ही दोन्ही एकत्र मळून सुमारे १३०० ते १४०० अंश उष्णतेत भाजली म्हणजे दगड वितळून मातीच्या कणाकणांत शिरतो. भांडे शुभ्र होते, पातळ असूनही कठीण होते, टिचकी मारली तर घंटेसारखे वाजते, आणि उजेडासमोर धरले तर त्यातून प्रकाश झिरपतो. आपल्या खापराच्या मडक्यात पाणी झिरपते. ह्यात थेंबही मुरत नाही.

ही भांडी आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. अहमदनगर वसविणाऱ्या निजामशाहीचे समुद्रावरील द्वार म्हणजे चौल. त्या बंदराच्या परिसरात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. दौलताबादच्या किल्ल्यातील एका महालाला त्याच्या भिंतींवरील चकचकीत रंगीत फरशांमुळे चिनी महाल असेच नाव पडले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतल्यावर चीन ते लिस्बन ह्या जलमार्गावर गोवे हे मोठे ठाणे झाले, आणि जुन्या गोव्याच्या मठांच्या अवशेषांतही ह्या भांड्यांच्या ठिकऱ्या सापडतात.

युरोपात मात्र ही वस्तू म्हणजे एक नवलच होते. डचांनी १६०३ मध्ये सांता कातारिना हे पोर्तुगीज गलबत पकडले आणि पुढील वर्षी त्यातील मालाचा ॲम्स्टरडॅम येथे लिलाव केला. तेव्हा चिनी भांड्यांसाठी चढाओढ लागली. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने त्यापूर्वीच, १५७५ च्या सुमारास, नक्कल करून पाहिली होती. डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीवर पांढरा लेप देऊन निळी चित्रे काढली. रूप साधले, परंतु गुण साधला नाही. चीनमध्ये १६४४ साली मिंग राजवट कोसळून माल दुर्मिळ झाला, तेव्हा डच व्यापारी जपानकडे वळले, आणि अरिताच्या भट्ट्यांतील भांडी इमारी बंदरातून निघून युरोपच्या मेजावर येऊन बसली.

ह्या वेडाचा मुकुटमणी म्हणजे सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस. १७१७ मध्ये त्याने आपल्या राज्यातील ६०० घोडेस्वार शिपाई प्रशियाच्या राजाला दिले, आणि मोबदल्यात १५१ चिनी भांडी घेतली! माणसांपेक्षा मडकी मोलाची ठरली. ह्याच राजाच्या ताब्यात योहान बट्गर नावाचा एक तरुण होता. हलक्या धातूचे सोने करतो, अशी बढाई त्याने मारली होती. तिचे फळ म्हणून तो १७०१ पासून बंदिवासात पडला. सोने काही निघेना. तेव्हा चिर्नहाउस ह्या विद्वानाच्या देखरेखीखाली त्याला मातीच्या प्रयोगांना जुंपण्यात आले, आणि १७०८ मध्ये चिनी भांड्याचे रहस्य ह्या दोघांच्या हाती आले. त्याच वर्षी चिर्नहाउस वारला. १७१० मध्ये माइसेनच्या गढीत कारखाना निघाला. बट्गरची सुटका १७१४ मध्ये झाली खरी, पण १७१९ साली वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो मरण पावला. आणि ज्या रहस्यापायी एवढा पहारा ठेवला होता, ते कारागिरांबरोबर व्हिएन्नास पळून गेले! इकडे दान्त्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ व १७२२ मध्ये जिंगदेझेनहून पत्रे धाडून तेथील सारी कृती स्वदेशास कळविली. विद्येला कुलूप घालता येत नाही, हेच खरे.

माती साधली, तरी चित्रे बराच काळ चीन-जपानचीच राहिली. त्या नकलेतून मोठ्या गमती झाल्या. माइसेनची सुमारे १७४० मधील एक निळी नक्षी ‘कांद्याची नक्षी’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पण तिच्यात कांदा मुळीच नाही! चिनी चित्रातील डाळिंबे व पीच ही फळे पाश्चात्त्यांना नीट उमगली नाहीत, आणि लोकांनी त्यांना कांदे ठरविले. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याने ही बशी पाहिली असती, तर ही चूक त्याने तत्काळ दाखवून दिली असती. इंग्लंडात १७९० च्या सुमारास विलो वृक्षाची, पुलाची व दोन पाखरांची नक्षी निघाली. पुढे तिला शोभेल अशी चिनी प्रेमिकांची एक करुण कथाही इंग्रजांनीच रचली. चीनला तिचा पत्ताही नव्हता!

इंग्रजांबरोबर ही भांडी आपल्याकडे आली, तेव्हा मात्र ती उंबऱ्याशीच अडली. धातूचे भांडे राखेने वा चिंचेने घासून शुद्ध होते. मातीचे एकदा उष्टे झाले की टाकावे, हा आपला जुना नियम. शिवाय ह्या भांड्यांत हाडे असतात अशी कुजबुज होती; आणि ती सर्वस्वी खोटीही नव्हती. इंग्लंडात स्पोड वगैरे कारखानदारांनी रूढ केलेल्या एका जातीच्या चिनी मातीत जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. म्हणून लोणच्याची बरणी घरात गेली, पण कपबशी पुष्कळ घरांत ओटीवरच राहिली. त्या काळी चहा ही केवढी स्फोटक गोष्ट होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणाने दाखविले. १८९० मध्ये तेथे चहाबिस्किटांचा पाहुणचार झाला. मंडळींत रानडे, टिळक व गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी नावे छापवून आणली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक घोट चहा, आणि साऱ्या समाजाची परीक्षा!

ज्यांना ही वंशावळ डोळ्यांनी पाहावयाची असेल, त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून तेथे आलेली चीनची, जपानची व युरोपची भांडी पाहिली, म्हणजे गुरू कोण आणि शिष्य कोण हे ध्यानात येते. आणि शिष्य कोठे चुकला व कोठे स्वतःच्या वाटेने गेला, हेही कळते.

चीनने घडविले, जपानने जोपासले, युरोपने कैद्याकरवी शोधून काढले, आणि महाराष्ट्राने पुष्कळ कुरकूर करून अखेर आपलेसे केले. तिसगावच्या ओसरीवर आज कपबशी पुढे करताना कोणी पाहुण्याची जात विचारीत नसेल, तर ज्या सहाशे शिपायांच्या मोबदल्यात राजाने ती भांडी घेतली त्यांच्याहून हा लाभ मोठा आहे. भांडे परक्याचे म्हणून नव्हे, तर त्यातून पिणारा परका मानल्यामुळे आपण विटाळलो होतो. एवढे त्या लहानशा बशीने शिकविले, तरी तिचा दूरचा प्रवास सार्थकी लागला म्हणावयाचा.