नियम आणि नीति

सन १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुत वीरांचीं सोंगें घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक पात्रानें नियम, तटस्थता वा अराजक यांपैकीं एक पक्ष पत्करावयाचा असे. पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कथांतून ही कल्पना आली. परंतु नियम पाळणारा तो सज्जनच काय? जुलमी राजाही कायद्यानेंच छळतो कीं! म्हणून १९७६ मध्यें गायगॅक्सनें सुष्ट व दुष्ट ही दुसरी कसोटी जोडली. १९७८ च्या नियमपुस्तकांत ‘पॅलाडिन’ नामक धर्मवीर बुद्ध्या नियमबाह्य वागला, तर पापकथन व प्रायश्चित्त यांनीं शुद्ध होई. बुद्ध्या दुष्कृत्य केल्यास मात्र त्याचें वीरपद कायमचें जाई.