भूक : लादलेली आणि पत्करलेली

माणदेशात पानात अन्न टाकणे पाप समजतात, आणि त्याला कारण आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचे काम निघाले, ते भुकेल्या हातांना काम मिळावे म्हणून. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी उतरविण्यात आली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. ठिकठिकाणी मजूर कामे सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी तर आमच्या वडीलधाऱ्यांना आजही आठवते.

टेंपलसाहेबांच्या या मजुरीआधी चारच वर्षे, १८७३ साली, लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या वैद्यांनी निराळीच उपासमार नोंदविली. घरात अन्न भरपूर असताना वयात आलेल्या मुली जेवण सोडून झिजत होत्या. या विकाराला पुढे ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव रूढ झाले.

आज हा विकार विलायतेपुरता राहिलेला नाही. कोवळ्या वयाची मुलेमुली त्याकडे बहुधा बारीक होण्याचा निश्चय म्हणून पाहतात. आरसा, मैत्रिणीचा टोमणा, फोनवरची छायाचित्रे ही कारणे त्यांना ठाऊक असतात. परिणाम मात्र दूरचे वाटतात. दुष्काळ पाहिलेल्या आजीला हेच नखरे वाटतात. चूक दोघींचीही एकच : दोघीही ही गोष्ट इच्छेची समजतात.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते चिडखोर झाले, उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. पुढे पोटभर मिळू लागले, तरी काहींना खाणे थांबविता येईना. उपासमार मनाचाही ताबा घेते, मग ती लादलेली असो वा पत्करलेली. निश्चयाने सुरू झालेली गोष्ट निश्चयाच्या हाती राहत नाही. पाळी बंद होते, हाडे ठिसूळ होतात, हृदय मंदावते, प्रसंगी प्राणही जातो.

भुकेल्याला अपुरी मजुरी देणारे सरकार आम्हाला निष्ठुर वाटते. मग पानावरून उठून जाणाऱ्या लेकीला ‘नखरे’ म्हणून दटावणे कोणत्या न्यायाने? तिचे ऐकून घ्यावे, तिला वैद्याकडे न्यावे, आणि तोवर रोज तिच्यासंगे जेवायला बसावे. दुष्काळाने आम्हाला भुकेची ओळख करून दिली आहे. ती ओळख घरातही उपयोगी पडली पाहिजे.