दोन पियानो आणि एक तास

गवई गातो, परंतु आपल्या गाण्याविषयीं तो फारसें बोलत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागें राहिली नाहीं. आणि तीन घराण्यांची विद्या एका गळ्यांत त्यांनीं कशी जिरविली, हें त्यांच्याच तोंडून ऐकण्याची सोय तर कधींच नव्हती. ही हळहळ मनांत असल्यामुळेंच मॅरियन मॅकपार्टलंड या पियानोवादिकेनें अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर तीस वर्षांहून अधिक काळ केलेल्या उद्योगाकडे आमचें लक्ष वेधलें.

बाईंचा जन्म १९१८ सालीं इंग्लंडांत झाला. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेंत शिक्षण चालू असतां १९३८ सालीं त्या तें सोडून बिली मेयर्ल यांच्या फिरत्या पियानो-पथकांत शिरल्या. सभ्य मध्यमवर्गीय घरास हा केवढा धक्का, हें आमच्याकडील आईबापांस समजावून सांगावयास नको. महायुद्धांत सैनिकांच्या मनोरंजनासाठीं युरोपांत हिंडत असतां शिकागोचे कॉर्नेटवादक जिमी मॅकपार्टलंड भेटले. १९४५ सालीं विवाह झाला, पुढल्या वर्षीं अमेरिका गांठली. जाझ हें कृष्णवर्णी अमेरिकनांनीं घडविलेलें संगीत. इंग्रज, गोरी आणि त्यांतून स्त्री, अशीं तीन वैगुण्यें लेनर्ड फेदर या टीकाकारानें बाईंच्या पदरीं घातलीं. त्यांस उत्तर म्हणून १९५२ पासून न्यूयॉर्कच्या हिकरी हाउसमध्यें त्या वर्षानुवर्षें वाजवीत राहिल्या. ड्यूक एलिंग्टन तेथें येत. तुम्ही फार स्वर वाजवितां, असें ते एकदां म्हणाले; ही स्तुति नसून सूचना होती, हें बाईंस मागाहून उमगलें.

संगीतकार अलेक वाइल्डर यांच्या शिफारशीनें साउथ कॅरोलायना राज्याच्या शैक्षणिक रेडिओनें बाईंस बोलाविलें, आणि १९७८ सालीं 'पियानो जाझ' या कार्यक्रमाचें ध्वनिमुद्रण सुरू झालें; १९७९ पासून तो नॅशनल पब्लिक रेडिओवरून ऐकूं येऊं लागला. तेव्हां बाईंचें वय साठ होतें, म्हणजे आमच्याकडील पेन्शनरानें काठी घेऊन सायंकाळीं फिरावयास निघावें तें वय! मांडणी अगदीं साधी. दोन पियानो, एक पाहुणा, एक तास. पाहुण्यानें वाजवावें, दोघांनीं बोलावें, मग जोडीनें वाजवावें.

आरंभींच्या पाहुण्यांत मेरी लू विल्यम्स होत्या. १९५८ सालीं हार्लेममधील एका दारासमोर आर्ट केन यांनीं सत्तावन्न जाझवादकांचें जें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें, त्यांत स्त्रिया अवघ्या तीन; आणि या दोघी शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. थेलोनियस मंक, बड पॉवेल यांसारखे तरुण ज्यांच्या घरीं जमून शिकत, त्या मेरी लू १९८१ सालीं वारल्या.

परंतु आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो बिल एव्हान्स यांचा तास. तो ६ नोव्हेंबर १९७८ रोजीं ध्वनिमुद्रित झाला, आणि १९८० च्या सप्टेंबरांत एव्हान्स गेले. वाक्यखंड तालाच्या नेहमींच्या ठिकाणावरून सरकवून तालाशीं लपंडाव कसा खेळावा, हें ते त्यांत वाजवून दाखवितात. आमच्याकडे आडलयींत बोल टाकून समेवर अचूक येणाऱ्या गवयाची ज्यांस ओळख आहे, त्यांस ही गोष्ट दोन मिनिटांत कळेल. वृत्तपत्री बातमीदारापुढें एव्हान्स पियानोला हात लावते कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. प्रश्न विचारणारीचे हात दुसऱ्या पियानोवर होते म्हणून उत्तर हातांनीं आलें.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. बाई कोणासही अडचणींत टाकीत नसत. व्यसनें, दारिद्र्य, वर्णद्वेषाचे घाव, यांनीं या कलावंतांचीं आयुष्यें पोखरलेलीं होतीं. इतिहासाच्या अभ्यासकास तेथें आणखी दोन प्रश्न हवे होते असें वाटतें. बाई त्या वळणावर आल्या कीं बहुधा सूर धरीत. २०११ सालीं त्यांनीं कार्यक्रम सोडला व २०१३ सालीं पंचाण्णवाव्या वर्षीं त्या निवर्तल्या. पाहुण्यांच्या यादींत शतकाच्या उंबरठ्यावरील यूबी ब्लेक आहेत, तशाच रविशंकरांच्या कन्या नोरा जोन्सही आहेत. एव्हान्स यांचा तो तास पुढें ध्वनिमुद्रिकेच्या रूपानें प्रसिद्ध झाला. पियानो शिकणारे विद्यार्थी तो एकेक मिनिट थांबवून ऐकूं शकतात.