तपासणी दिवसा, निवारा रात्री

नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी सारी नोकरी गेली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते रविवारी आणि रजेच्या दिवशी. एकदा बेघर निवाऱ्यासाठी घेतलेल्या ब्लँकेटांचे बिल टेबलावर आले. दरपत्रके जोडलेली होती, साठा नोंदवहीत नोंद होती, पोच मिळाल्याची सही होती. मी बिल पास केले. त्याच हिवाळ्यात रात्री उशिराच्या एस.टी.ने परतलो, तेव्हा सहज त्या निवाऱ्याकडे वळलो. दाराला कुलूप होते आणि पायरीवर चार माणसे पोती पांघरून झोपली होती. दुसऱ्या दिवशी मी फाइल पुन्हा काढून पाहिली. तीत आक्षेप घेण्यासारखे काहीही नव्हते. मी ती परत ठेवली.

सरकारी पैशाने चालणाऱ्या निवाऱ्यावर सरकार देखरेख ठेवते, म्हणजे नेमके काय पाहते? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. त्याचा माग काढत मी पोचलो तो १८६६ सालच्या लंडनमध्ये.

त्या काळी इंग्लंडात गरिबांना मदत द्यायची ती स्थानिक करातून. प्रत्येक भागाचे स्वतःचे वर्कहाउस असे आणि त्याचा कारभार तिथल्या करदात्यांनी निवडलेले पालक मंडळ पाही. एका रात्रीपुरत्या आलेल्या वाटसरू बेघरांसाठी तिथे वेगळी खोली असे; तिला ‘कॅज्युअल वॉर्ड’ म्हणत. पण दुसऱ्या भागातून आलेल्या माणसाचा खर्च आपण का सोसायचा, या हिशेबाने दारे बंद होत. १८५५च्या नोव्हेंबरात चार्ल्स डिकन्सला व्हाइटचॅपलच्या वर्कहाउसबाहेर पावसात भिजत पडलेल्या पाच स्त्रिया दिसल्या. आत जागा उरलेली नव्हती. पुढच्या जानेवारीत आपल्या साप्ताहिकात त्याने हे लिहिले.

यावर १८६४मध्ये कायदा आला. बेघरांवर झालेला खर्च साऱ्या लंडनच्या सामाईक करातून मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सने स्थानिक मंडळांना परत द्यायचा, असे ठरले. अट एकच होती. वॉर्ड योग्य असल्याची मंजुरी पुअर लॉ बोर्ड या सरकारी मंडळाकडून मिळालेली हवी. सुरुवातीला तात्पुरता असलेला हा कायदा १८६५मध्ये कायम झाला. लेखा विभागातल्या माणसाला ही रचना लगेच ओळखीची वाटते: निधी वरून, काम खाली, मधे एक प्रमाणपत्र.

८ जानेवारी १८६६च्या रात्री जेम्स ग्रीनवुड हा पत्रकार फाटके कपडे घालून, खोटे नाव सांगून लँबेथच्या वर्कहाउसमध्ये शिरला. त्याचा भाऊ फ्रेडरिक ‘पॉल मॉल गॅझेट’चा संपादक होता आणि कल्पना त्याचीच होती. आधी अनेकांनी अंघोळ केलेल्या पाण्यात ग्रीनवुडला उतरावे लागले. झोपायला मिळाली एक शेड, जिची चौथी बाजू अर्धवट कापडाने झाकलेली होती. दगडी फरशीवर गवताने भरलेल्या पिशव्या, थंडी, त्यावर माणसे आणि पोरे खेटून पडलेली. सकाळी भाकरतुकडा आणि त्याच्या मोबदल्यात चक्कीचा दांडा फिरवण्याचे काम. १२, १३ आणि १५ जानेवारीला त्याचे तीन लेख आले आणि लंडनभर खळबळ उडाली.

या हकिगतीत मला क्रौर्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कायदा होता, पैसा होता, निरीक्षकही होते. मंजुरी मिळे ती मात्र वॉर्डला, आणि मंजुरीचा कागद रात्र पाहू शकत नव्हता. त्या कागदावर शेड उमटली नसती, जशी माझ्या फाइलीत ती पायरी उमटली नाही.

पुढे देखरेख वाढली, पण तिची नजर वळली बेघरांकडेच. १८८२च्या कायद्याने कॅज्युअल वॉर्डात आलेल्या माणसाला नेमून दिलेले काम करून दुसऱ्या रात्रीनंतरच, सकाळी नऊला, बाहेर पडता येऊ लागले. फोडलेली खडी आणि उसवलेले दोरखंड मोजणे सोपे असते. सकाळी रोजगाराच्या रांगेत उभे राहायचे असेल त्याची मात्र त्यामुळे अडचण झाली.

आपल्याकडे हा विषय न्यायालयाच्या रेट्याने पुढे आला. २००९च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, दिल्लीच्या पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा महापालिकेने पाडला. त्यानंतर २०१०मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा हे प्रमाण ठेवले. २०११च्या जनगणनेतील १ कोटी २४ लाखांच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. २०१३पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निवाऱ्यांसाठी निधीची तरतूद झाली. तरीही ११ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली. निवाऱ्यांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायची आणि निधी का खर्च होत नाही हे शोधायचे, हे तिचे काम होते. निधी देणारे आणि हिशेब घेणारे शासन असताना जागेवर जाऊन पाहण्यासाठी न्यायालयाला वेगळी माणसे पाठवावी लागली, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

निवृत्तीनंतर काही तरुण लेखापाल भेटायला येतात, तेव्हा मी त्यांना एवढेच सुचवतो: उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करण्याआधी एकदा रात्री अकरा वाजता, न कळवता, तिथे जाऊन या. दार उघडे आहे का, किती जण झोपले आहेत आणि किती जणांना परत पाठवले, हे पाहा. झोपलेल्या एखाद्याला विचारा, ब्लँकेट मिळाले का. हा रकाना कुठल्याच नमुन्यात नसतो. तो हाताने आखावा लागतो. मी तो आखला नाही, आणि त्या बिलावर आजही माझीच सही आहे.