कॉम्प्युटर मध्येच अडकतोय? दोष नेटवर्क ड्रायव्हरचा आहे का, हे कसं ओळखायचं?

ऑनलाइन मुलाखत सुरू आहे. समोरच्याचा आवाज मध्येच कर्रकन तुटतो, माउसचा बाण जागीच थिजतो आणि क्षणभरात सगळं पुन्हा सुरळीत होतं. दर दोन-चार मिनिटांनी हाच प्रकार. टास्क मॅनेजर उघडून पाहावं, तर प्रोसेसर जेमतेम वापरात असतो आणि रॅमही मोकळी असते. मग कुणी रॅम वाढवायला सांगतं, कुणी फॉरमॅट मारायला.

पैसे खर्च करण्याआधी एक शक्यता तपासून पाहायला हवी. ती म्हणजे वाय-फाय किंवा लॅन कार्डचा ड्रायव्हर. इंटरनेट व्यवस्थित चालत असतानाही हा ड्रायव्हर अख्खा कॉम्प्युटर अडकवू शकतो.

ड्रायव्हर नेमकं काय करतो?

ऑपरेटिंग सिस्टम आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा म्हणजे ड्रायव्हर. नेटवर्क कार्डवर माहितीचं पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेला 'इंटरप्ट' म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम थांबवून कार्डाकडे वळतो.

समजा तुम्ही भाजी परतताय आणि दाराची बेल वाजली. तुम्ही जाऊन पार्सल आत घेतलं, हा झाला इंटरप्ट. पार्सल फोडून सामान जागेवर लावणं, हे दुसरं काम. विंडोजमध्ये या दुसऱ्या कामाला 'डिफर्ड प्रोसीजर कॉल' म्हणजेच 'डीपीसी' म्हणतात. अडचण अशी, की हे कामही भाजीच्या आधी होतं. सामान लावण्यात वेळ गेला, तर भाजी करपणारच.

म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मर्यादा सांगितली आहे. इंटरप्टचं काम २५ मायक्रोसेकंदांत आणि डीपीसीचं काम १०० मायक्रोसेकंदांत संपावं. १०० मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. डीपीसी सुरू असेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर दुसरा कोणताही प्रोग्राम चालू शकत नाही.

नेटवर्क कार्डावर संशय जास्त का घ्यायचा? कारण त्याच्याकडे पार्सलं फार येतात. एक गिगाबिट वेगाची लाइन पूर्ण भरून वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार मोठी पॅकेट्स येतात. म्हणून कार्ड प्रत्येक पॅकेटला हाक न मारता त्यांचा गठ्ठा करून एकदम हाक मारतं. या हिशेबात ड्रायव्हर चुकला किंवा कार्डाच्या उत्तराची वाट पाहत बसला, की बाकीच्यांचा खोळंबा होतो.

टास्क मॅनेजरमध्ये हे का दिसत नाही?

टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टम इंटरप्ट्स' नावाची एक ओळ असते. इंटरप्ट आणि डीपीसीचा वेळ तिथे मोजला जातो. हा आकडा सतत काही टक्क्यांच्या वर राहत असेल, तर ड्रायव्हर किंवा हार्डवेअरमध्ये काहीतरी बिघडलं आहे, असं समजायला हरकत नाही.

पण आकडा कमी आहे म्हणून ड्रायव्हर निर्दोष ठरत नाही. समजा, आठ कोअरच्या प्रोसेसरवर एका सेकंदात एकदाच २० मिलिसेकंदांचा खोळंबा झाला. त्या कोअरचा तो फक्त २ टक्के वेळ झाला आणि आठही कोअर धरले तर पाव टक्का. विंडोज मात्र आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पुढे पाठवतं. म्हणजे दोन तुकडे चुकले, कानाला तुटका आवाज आला आणि टास्क मॅनेजरमध्ये काहीच दिसलं नाही. सरासरीत हा झटका लपतो. म्हणून सरासरी न पाहता सर्वांत मोठा खोळंबा किती वेळाचा होता, हे मोजावं लागतं.

विंडोज व्हिस्टाचा किस्सा

हा प्रश्न मायक्रोसॉफ्टलाही सतावत होता. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं, की गाणं सुरू केलं की नेटवर्कवरून फाइल कॉपी होण्याचा वेग कोसळतो. कंपनीचे अभियंते मार्क रसिनोविच यांनी त्याचं कारण जाहीरपणे समजावून सांगितलं. पॅकेट्स हाताळणाऱ्या डीपीसीमुळे आवाज तुटू नये, म्हणून गाणं सुरू असताना मिलिसेकंदाला १० पॅकेट्सची मर्यादा मुद्दाम घातली होती. म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मेगाबाइट. १०० मेगाबिटच्या नेटवर्कवर हे जाणवत नव्हतं, कारण त्याची क्षमताच सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास होती. गिगाबिट नेटवर्कवर मात्र फरक लगेच दिसला.

निदान कसं करायचं?

१. लक्षणं नोंदवा. आवाज, माउस आणि सगळ्या खिडक्या एकदम अडकतात का? की फक्त ब्राउझर अडकतो? फक्त ब्राउझर अडकत असेल, तर कारण बहुधा वेगळं आहे. चाचणी करताना ब्लूटूथऐवजी वायरचा हेडफोन लावा, कारण ब्लूटूथचा आवाज रेडिओ लहरींच्या गोंधळामुळेही तुटतो.

२. मोजा. 'लेटन्सीमॉन' हे घरगुती वापरासाठी मोफत असलेलं सॉफ्टवेअर चालू करा आणि १०-१५ मिनिटं नेहमीचं काम करा. व्हिडिओ कॉल आणि मोठं डाउनलोड दोन्ही करून पाहा. मग 'ड्रायव्हर्स' या टॅबमध्ये सर्वाधिक वेळ कुणी घेतला ते बघा. तिथे वेळ मिलिसेकंदांत असतो, म्हणजे १०० मायक्रोसेकंद ०.१ असे दिसतील. ही मर्यादा किंचित ओलांडली म्हणून घाबरू नका. आकडा वारंवार कित्येक मिलिसेकंदांवर जात असेल आणि तो झटक्याच्या वेळेशी जुळत असेल, तरच तो महत्त्वाचा.

३. नाव नीट वाचा. यादीत बऱ्याचदा 'एनडीआयएस' हे नाव वर दिसतं. हा विंडोजचा स्वतःचा भाग आहे. सगळ्या कंपन्यांचे नेटवर्क ड्रायव्हर त्याच्यामार्फत काम करतात, त्यामुळे दुसऱ्याचा वेळ त्याच्या नावावर लागतो. ती फाइल डिलीट करू नका.

४. संशयिताला बाजूला काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टर 'डिसेबल' करा. लॅनची वायर लावा किंवा फोनवरून यूएसबी टेदरिंग घ्या आणि तेच काम पुन्हा करा. झटके थांबले, तर अडॅप्टर परत सुरू करून पाहा. झटके परत आले, तर संशय पक्का. खात्रीसाठी हे दोनदा करा.

५. आणखी खोलात जायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टची 'विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर' आणि 'अॅनालायझर' ही मोफत साधनं आहेत. कोणत्या ड्रायव्हरने कोणत्या क्षणी किती वेळ घेतला, हे त्यात दिसतं. खोळंबा फारच लांबला, तर विंडोज एररची स्क्रीन दाखवून बंद पडतं. त्यावर 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन' असं लिहिलेलं असतं.

लिनक्स वापरत असाल, तर 'टॉप' कमांडमध्ये 'केसॉफ्टआयआरक्यूडी' हे नाव वर येतंय का ते बघा. नेटवर्कच्या अशा मागे राहिलेल्या कामांचा भार तिथे दिसतो.

दोष सापडला, आता काय?

त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या. जुना काढण्याआधी नवा डाउनलोड करून ठेवा, नाहीतर इंटरनेटच बंद होईल. वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करण्याची परवानगी देणारा पर्याय काढून पाहा. व्हीपीएन आणि अँटिव्हायरसही नेटवर्कच्या वाटेत स्वतःचे ड्रायव्हर बसवतात. एकेक काढून फरक पडतो का ते तपासा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे उपाय कशाने झाला ते कळेल. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' अशा जाहिरातींच्या नादी लागू नका.

आणि नेटवर्क बंद करूनही झटके येत राहिले, तर हा ड्रायव्हर सुटला. मग ग्राफिक्स, डिस्क, बायॉस किंवा तापणारा प्रोसेसर यांच्याकडे वळा. दुरुस्तीच्या दुकानात जावंच लागलं, तर 'लॅपटॉप हँग होतो' एवढंच सांगू नका. 'वाय-फाय बंद केलं की थांबतं' किंवा 'बंद करूनही थांबत नाही' हे सांगा आणि मोजलेले आकडे दाखवा. मग विनाकारण नवी रॅम गळ्यात पडणार नाही.